मंचकिन मांजरीचे पाय दुखतात का? ऑस्टिनच्या ताईंना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की तुम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहता, नऊ वर्षांच्या मुलीला मांजर हवंय, तिने मंचकिन ह्या आखूड पायांच्या जातीचे व्हिडिओ बघून तीच पाहिजे म्हणून हट्ट धरलाय, ब्रीडरने, म्हणजे मांजरांची पैदास करून विकणाऱ्याने, १८०० डॉलर सांगितलेत आणि आठ आठवड्यांचं पिल्लू ह्याच शनिवारी घेऊन जा म्हणून मागे लागलाय, आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई फोटो बघून म्हणाल्या की अगं हे अधू आहे, ह्याला कशाला पैसे मोजताय. आणि मग शेवटी विचारलंय की ह्या मांजरीला उड्या मारता येतात का आणि घरासाठी ही जात चांगली का.

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, गेली १७ वर्षं ह्यूस्टनला प्रॅक्टिस करते, त्यातली ११ वर्षं फक्त मांजरीच बघते. मंचकिन आणि तिच्या संकरातल्या मिळून चाळीसेक तरी हाताखालून गेल्या असतील. तेवढ्या अनुभवावर बोलतेय, सगळ्या मंचकिनबद्दल शेवटचा शब्द म्हणून नाही.

उड्यांचं उत्तर लगेच देते, येतात. सोफा, पलंग, खुर्ची, खिडकीचा कट्टा हे सगळं तिच्या आवाक्यातलं असतं, किचनच्या ओट्यावर एका झेपेत जमत नाही पण आधी खुर्ची, मग टेबल, मग ओटा असा रस्ता ती बरोबर शोधते. पळते तर फारच जोरात, जमिनीलगत, वळणावर अंग झोकून, बघताना मुंगसाची आठवण येते. मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित लांब असतात आणि काही दिसलं की ती मागच्या पायांवर सशासारखी ताठ उभी राहते, मुलांना सगळ्यात आवडतं ते हेच. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा नाहीच आहे. खरा प्रश्न तुमच्या सासूबाईंनी विचारलाय, की हे अधू आहे का, आणि त्याला मी जोडते की उद्या तिला दुखायला लागलं तर तुम्हाला ते कळणार कसं. कारण मांजर दुखणं अंगावर काढते. कुत्रा लंगडतो, कुंई कुंई करतो, मांजर गप्प बसून राहते आणि आपण म्हणतो काय शांत झालीये हल्ली.

आधी ही आली कुठून ते थोडं सांगते, मुलगी विचारेलच. आखूड पायांच्या मांजरींच्या नोंदी जुन्या आहेत, १९४४ साली इंग्लंडमधल्या एका व्हेटने चार पिढ्या बघितल्याचं लिहून ठेवलंय, १९५० च्या दशकात रशियात स्टालिनग्राडलाही अशी एक मांजर दिसल्याची नोंद आहे. आजच्या मंचकिनचं मूळ मात्र आमच्या शेजारच्याच लुइझियानात आहे. १९८३ मध्ये रेव्हिल गावात सँड्रा हॉकनेडेल नावाच्या संगीत शिक्षिकेला एका ट्रकखाली बुलडॉगच्या भीतीने लपलेल्या दोन गाभण मांजरी सापडल्या, दोघींचे पाय आखूड. त्यातली काळी ब्लॅकबेरी त्यांनी ठेवली, आणि तिचा टुलूझ नावाचा बोका मन्रोमधल्या मैत्रिणीला दिला, तो तिथे शेतावर मोकळा फिरायचा, त्याची नसबंदी झालेली नव्हती, त्यामुळे त्या भागात आखूड पायांची पिल्लं दिसायला लागली. नाव एका जुन्या अमेरिकन परीकथेतल्या बुटक्या लोकांवरून पडलं. म्हणजे आखूड पाय हे कुणी प्रयोगशाळेत घडवलेले नाहीत, आपोआप झालेला बदल आहे तो. पण तो मुद्दाम पुढे चालवायचा की नाही हे माणसांनी ठरवलं, आणि वाद आहे तो तिथेच.

टिका ह्या मांजर संघटनेने १९९४ मध्ये हिला नवीन जात म्हणून आपल्या कार्यक्रमात घेतलं आणि २००३ मध्ये चॅम्पियन स्पर्धेचा दर्जा दिला. सीएफए ही अमेरिकेतलीच दुसरी मोठी संघटना आजही मानत नाही, ब्रिटनची जीसीसीएफ मानत नाही, युरोपातली फिफे मानत नाही. नेदरलँड्समध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हिचं ब्रीडिंग करायला कायद्याने बंदी आहे. टेक्सासमध्ये असं काही बंधन नाही, त्यामुळे तुम्ही गुन्हा वगैरे करत नाही आहात, पण सासूबाईंना जी शंका आली ती भल्याभल्या लोकांना आलेली आहे एवढं लक्षात ठेवा.

आता शरीरात काय होतं ते. हे ज्या जीनमुळे होतं त्याचं नाव यूजीडीएच, २०२० मध्ये ते सापडलं. कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाशी असलेलं मऊ हाड, ज्याच्यापासून लांब हाडं वाढतात, त्या कूर्चेचा कच्चा माल बनवायच्या कामात हा जीन असतो. तो बिघडला की पायाची लांब हाडं आखूड राहतात, थोडी जाड आणि कधीकधी वाकडी. डोकं, धड, शेपूट नेहमीसारखंच. लोक हिची तुलना डॅशहुंड कुत्र्याशी करतात आणि म्हणतात हिची पाठ जाणार, पण डॅशहुंडमधला बिघाड वेगळ्या जीनचा आहे, त्यात मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होतात म्हणून त्यांची पाठ जाते. मंचकिनमध्ये तसं चित्र मी तरी बघितलेलं नाही. माझ्याकडे त्रास घेऊन आल्या त्या जास्त करून पुढच्या पायाच्या कोपराचा. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी शेजारी असतात, ती सारख्या वेगाने वाढली नाहीत तर कोपराचा सांधा नीट बसत नाही आणि मग तो वर्षानुवर्षं घासत राहतो.

आणखी एक गोष्ट ब्रीडर सहसा आपणहून बोलत नाहीत. ह्या जीनची एक प्रत आली की पाय आखूड होतात, दोन प्रती आल्या तर पिल्लू गर्भातच अगदी सुरुवातीला जातं. म्हणून आखूड बोका आणि आखूड मांजरी एकत्र आणली तर सरासरी चारातला एक गर्भ जगतच नाही. आखूड आणि साध्या लांब पायांची अशी जोडी लावली तर हा प्रश्नच येत नाही, अर्धी पिल्लं आखूड, अर्धी लांब होतात. जबाबदार ब्रीडर हीच जोडी लावतो, त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आईबापांपैकी लांब पायांचं कोण आहे. उत्तराला आढेवेढे घेतले, किंवा दोघेही आखूड आहेत म्हणून कौतुकाने सांगितलं, तर तिथून पिल्लू आणू नका.

ह्यातूनच माझा सगळ्यात आवडता सल्ला निघतो आणि तो मी प्रत्येकाला देते. त्याच वेतातली जी लांब पायांची भावंडं असतात ना, त्यांच्यात हा बिघडलेला जीन नसतोच. घर तेच, आई तीच, माणसांची सवय तीच. मंचकिनचा जो स्वभाव लोकांना आवडतो, माणसांत मिसळणारी, खेळकर, मोठी झाली तरी पिल्लासारखी मस्तीखोर, तो स्वभाव पायातून येत नाही, तो आईबापांकडून आणि पहिल्या दोनतीन महिन्यात माणसांनी कसं हाताळलं त्यातून येतो. आणि ही लांब पायांची भावंडं ब्रीडर बहुतेक वेळा बऱ्याच कमी पैशात देतो कारण त्यांना गिऱ्हाईक नसतं. मुलीला एकदा प्रत्यक्ष घेऊन जा, पाच मिनिटं जमिनीवर बसू दे, मांडीवर कोण येऊन झोपतं ते बघा. माझ्याकडच्या दोन कुटुंबांनी आखूडच हवं म्हणून जाऊन लांब पायांचं भावंड घरी आणलंय, दोघंही आज खूष आहेत.

तरीही आखूड पायांचंच हवं असेल तर मी तुम्हाला वाईट ठरवणार नाही. माझं मत विचाराल तर मागणी वाढवून ही ठेवण पुढे चालवावी असं मला मनापासून वाटत नाही, पण जन्माला आलेल्या पिल्लाला चांगलं घर लागतंच, आणि रेस्क्यूमध्येही, म्हणजे बेघर मांजरी सांभाळणाऱ्या संस्थांत, अधूनमधून मोठ्या मंचकिन येतात, तीनचार वर्षांची मिळाली तर उत्तम, कारण तोवर हाडं पूर्ण वाढलेली असतात आणि सांधे कसे निघाले ते एक्सरेत सरळ दिसतं. पिल्लात ते अंदाजानेच सांगावं लागतं.

पिल्लू बघायला गेलात की काय बघायचं ते सांगते. कडेवर घेऊन बघू नका, सगळीच पिल्लं कडेवर गोड दिसतात. टणक जमिनीवर सोडा, गालिच्यावर नको, आणि चालताना समोरून, मागून आणि बाजूने बघा. पुढच्या पायांना किंचित बाक असला तर चालतो, पण पंजे एकदमच बाहेर वळलेले, कोपर बाहेर फेकल्यासारखं किंवा मागचे घोटे एकमेकांना घासत असतील तर नको. बाजूने बघताना पाठ खांद्यांच्या मागे खोलगट, झोपाळ्यासारखी खाली गेलेली दिसते का ते बघा. मग हातात घेऊन छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, खालच्या टोकाला खड्डा लागतोय का, कारण काही पिल्लांत छातीचं हाड आत दबलेलं असतं आणि त्याने श्वासाला त्रास होतो. झोपलेलं असताना श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या आत हवा. आणि भरपूर खेळू द्या, दहा मिनिटं दोरीमागे पळवा, तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते पिल्लू व्हेटने बघितल्याशिवाय घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुटुंब पिल्लू घेऊन आलं होतं, सात आठवड्यांचं, पार्किंग लॉटमध्ये हातात देऊन ब्रीडर गेला, छाती इतकी आत गेलेली की हृदय एका बाजूला सरकलं होतं. घरात बसून दहा मिनिटं बघितलं असतं तर कुणालाही कळलं असतं की ह्याचा श्वास बरोबर नाहीये. म्हणून आठ आठवडे आणि शनिवारची घाई हे दोन्ही मला आवडलेलं नाही. निदान बारा आठवडे तरी पिल्लू आईजवळ राहू दे, चालीतला दोषही तोवर जास्त स्पष्ट दिसतो, आणि चांगला ब्रीडर ह्याला नाही म्हणत नाही.

संकर करून विकतात त्याबद्दलही एक इशारा देऊन ठेवते. मंचकिन आणि स्कॉटिश फोल्डचा संकर स्कॉटिश किल्ट नावाने विकतात, आखूड पाय आणि दुमडलेले कान. दुमडलेला कान म्हणजे सगळ्या अंगातल्या कूर्चेचा आजार, फोल्डचे सांधे तरुण वयातच दुखायला लागतात, त्याच्यावर आखूड पायांचा भार म्हणजे त्या जिवाचे हाल आहेत. ते कितीही गोंडस दिसलं तरी घेऊ नका.

आता घरी आणल्यावर. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट वजन. मंचकिन साधारण तीन ते चार किलोची असते, तीन किलोच्या मांजरीवर अर्धा किलो चढला म्हणजे अंगाचा सहावा हिस्सा वाढला, आणि तो सगळा त्या छोट्या कोपरांवर येतो. तीन किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजरीला दिवसाला १८० ते २०० कॅलरी पुरतात, कोरड्या खाण्याचा अर्धा कप झाला की संपलं. वाटी भरून ठेवून दिवसभर खाऊ देऊ नका, मोजून दोन किंवा तीन वेळा द्या. आणि सासूबाई आहेत म्हणून सांगते, दूधपोळी नको. आपण सगळे गावाकडे मांजरीला दूधपोळी घालतच वाढलो, पण त्या मांजरी दिवसभर उंदीर मारून खायच्या, दूधपोळी वरची. मांजर पूर्ण मांसाहारी आहे, टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, मोठ्या मांजरीला दूध बहुतेक वेळा पचत नाही, आणि फोडणीच्या भातातला कांदा लसूण तर तिच्या रक्तपेशी फोडतो. सासूबाईंना द्यायचंच असेल तर मीठमसाला न घालता उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्यांच्या हाताने देऊ दे, मांजर त्यांचीच होऊन जाईल.

लिटर बॉक्सची, म्हणजे मांजरीच्या शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरून ठेवतात त्या पेटीची, पुढची कड सातआठ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. वरून उडी मारून आत जायचे बॉक्स मिळतात ते अजिबात नको. लांब केसांची असेल तर पोटाचे केस जमिनीला लागतात, त्यात लिटर अडकतं, एक दिवसाआड विंचरा. सोफ्याजवळ, पलंगाजवळ पायरी किंवा एखादं बुटकं स्टूल ठेवा, चढण्यापेक्षा उतरताना पुढच्या पायांवर जास्त आदळतं म्हणून. नखं दोन आठवड्यांनी कापा, पण फर्निचरसाठी नखं काढून टाकायची शस्त्रक्रिया हा विचारही करू नका, त्यात बोटाचं शेवटचं पेर कापतात. ऑस्टिनमध्ये २०२१ पासून तिच्यावर बंदीच आहे, आणि आधीच बिघडलेल्या पायावर हे करणं तर फारच वाईट.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न, दुखतंय हे कळणार कसं. मांजरीच्या सांधेदुखीसाठी आम्ही व्हेट लोक सहा गोष्टी विचारतो: पळते कशी, वर उडी कशी मारते, खाली कशी उतरते, जिना चढताना कशी, उतरताना कशी, आणि हलणाऱ्या वस्तूमागे धावते का. साध्या मांजरीत ओट्यावर एका झेपेत जाता येत नसेल तर ती खूण झाली. मंचकिनमध्ये ते पहिल्या दिवसापासूनच येत नाही, म्हणजे ही यादी तिला जशीच्या तशी लावून उपयोग नाही, तिचं तिचं नेहमीचं काय होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं, आणि ते काम तुम्हीच करू शकता. वर्षाची झाली की एक व्हिडिओ काढा, ह्या सहाही गोष्टी करताना, दोन तीन मिनिटांचा. दर वाढदिवसाला परत तसाच, त्याच सोफ्यावर, त्याच जिन्यावर. हे काम मुलीला द्या, नऊ वर्षांची मुलं हे फार मन लावून करतात. एक्सरे एकदा नसबंदीच्या वेळी काढून घ्या, भूल दिलेलीच असते, आणि दुसरा दोन वर्षांची झाल्यावर, वाढ पूर्ण झालेली असते तेव्हा. मग पाच वर्षांनी काही वाटलं तर तुलना करायला हातात काहीतरी असतं.

हे मी एका बोक्यामुळे शिकले. त्याचं नाव पेढा, सहा वर्षांचा मंचकिन, वजन ५.४ किलो. तक्रार अशी की तो बाथरूमच्या पायपुसणीवर लघवी करतो. घरच्यांना वाटलं नवीन बाळ आलंय म्हणून रुसलाय, लघवीची तपासणी दोनदा झाली, स्वच्छ. मी विचारलं उडी मारतो का, म्हणाले ह्याने कधी मारलीच नाही, मंचकिन आहे ना. मग आईने सहज फोनमध्ये जुने व्हिडिओ शोधले तर तीन वर्षांपूर्वीचा हाच पेढा खिडकीच्या कट्ट्यावर बसून पक्ष्यांवर कटकट करताना दिसला. एक्सरे काढला, दोन्ही कोपरं खराब. लिटर बॉक्सची कड होती २० सेंटिमीटर, तो आत चढणंच टाळत होता. बॉक्स बदलला, दहा महिन्यांत वजन हळूहळू ४.१ वर आणलं, आणि महिन्यातून एकदा द्यायचं सोलेन्सिया इंजेक्शन सुरू केलं, अमेरिकेत २०२२ पासून मांजरींच्या सांधेदुखीसाठी ते मंजूर आहे. दोन महिन्यांनी त्यांनी मला फोटो पाठवला, पेढा कट्ट्यावर. तीन वर्षं तो दुखणं सहन करत होता आणि सगळे म्हणत होते की मंचकिन अशाच असतात, हे मला अजून लागतं.

इथे हेही सांगायला हवं की सांधे झिजणं ही फक्त आखूड पायांची गोष्ट नाही. २००२ साली १२ वर्षांपुढच्या १०० मांजरींचे एक्सरे बघितले गेले तर ९० जणींच्या सांध्यांत झीज होती, त्या साध्यासुध्या मांजरी होत्या. मंचकिनमध्ये ती लवकर येण्याचा धोका आहे एवढंच, प्रत्येकीला येतेच असं नाही. माझ्याकडे एक मांजर १४ वर्षांची आहे, अजून जिना धावत चढते. कुठल्या पिल्लाचं काय होईल हे त्याच्या हाडांवर, वजनावर आणि थोडं नशिबावर आहे. आणि दुखतंय असं वाटलं तर घरातली क्रोसिन किंवा टायलेनॉल चुकूनही देऊ नका, माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

विमा काढणार असाल तर पहिल्याच आठवड्यात काढा, आनुवंशिक दोष त्यात धरले आहेत का ते नीट वाचून, कारण एकदा फाइलवर कोपराचा उल्लेख आला की नंतर कुणी त्याचे पैसे देत नाही.

सासूबाईंना माझ्याकडून सांगा की त्यांनी योग्य तेच विचारलं. अधू म्हणावं की नाही हे मी फोटोवरून ठरवू शकत नाही. तुम्ही असं करा, आज ब्रीडरला फोन करा, आईबापांचं विचारा, आणि पिल्लाचा फरशीवर चालतानाचा व्हिडिओ मागवा, समोरून, मागून, बाजूने, अर्धा अर्धा मिनिट, आणि जमलं तर लांब पायांच्या भावंडांचाही. इथेच टाका, मी शुक्रवारी रात्री बसून बघते आणि जे दिसेल ते लिहिते. तोपर्यंत डिपॉझिट भरू नका.